उघडा दात

चांगुणाला पोरीच्या परकरासाठी कापड घ्यायचं होतं आणि मला दात दाखवायचा होता, म्हणून आम्ही भाऊबहीण एकाच फेरीत दोन्ही कामं उरकायला उल्हासनगरला निघालो. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. होळी होऊन गेली होती आणि ऊन तापायला लागलं होतं. चांगुणा माझी धाकटी बहीण. नवरा ट्रकखाली गेल्यावर ती माहेरी, म्हणजे बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमच्याकडे परत आली, ती कडेवर तान्ह्या नवसीला घेऊनच. आता नवसी पाच वर्षांची झाली होती. मला आणि माझ्या बायकोला, रखमाला, मूलबाळ नव्हतं. त्यामुळे ती पोर जितकी तिच्या आईची तितकीच आमची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे केलं ते सगळं तिच्यापायी केलं.

मी अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात होतो. रात्रपाळी मीच मागून घेतलेली. रात्री साहेब कमी आणि वारा जास्त. सकाळी घरी यायचं, भाकर खायची आणि दुपारभर झोपायचं. म्हणून मी सांगतोय त्यातलं काहीच काळोखात घडलेलं नाही. भुताखेतांना अंधार लागतो असं ज्यांना वाटतं त्यांनी चैत्रातल्या दुपारी आमच्या घरात निजून पाहावं. कौलांतून कवडसे जमिनीवर उतरतात, बाहेर चिटपाखरू नसतं, नदीकडून गरम वारा येतो, आणि झोप अशी लागते की जाग आल्यावरही थोडा वेळ आपण कोण ते आठवत नाही.

दुखत होती ती उजवीकडची खालची दाढ. लवंग दाबून झाली, कापूर झाला, मिसरी झाली. शेजारच्या मोतीबाईनं रिंगणीच्या बियांची धुरी दिली आणि 'कीड पडली बघ' म्हणून ताटलीतल्या पाण्यात काहीतरी दाखवलं. कीड पडली असेल, दुखणं काही पडलं नाही. गाल सुजून डोळ्यापर्यंत आला तेव्हा मी म्हटलं, जातो आणि उपटून येतो. चांगुणानं ऐकलं नाही.

"उपटू नको हं दादा," ती म्हणाली. "बाबाचं कसं चाळिशीत बोळकं झालं व्हतं. तुझं तसं झालं तर माझी पोर घाबरंल."

"माझ्या दातांवर तुझ्या पोरीचा काय हक्क?"

"हाय म्हणून तर बोलते."

डॉक्टर भोजवानींचा दवाखाना तीन नंबर कॅम्पात होता. खाली फर्निचरचं दुकान, त्यामुळे जिन्यात पॉलिशचा वास, आणि वर दार उघडलं की लवंगेच्या तेलाचा. खिडकीला हिरवा पडदा होता. दुपारचं ऊन त्यातून गाळून आत यायचं आणि सगळी खोली तळ्याच्या तळाशी असल्यासारखी हिरवट दिसायची. डॉक्टर जाडजूड, हात मात्र बाईसारखे मऊ. त्यांनी माझ्या दातावर आरशाच्या दांडीनं हलकेच ठोकलं आणि मी खुर्चीतून उठलोच.

"निकालना पाच मिनिटांचं काम आहे, साईं," ते म्हणाले. "वाचवणं म्हणजे कारीगरी. आतली नस सडली. ती काढतो, आतून धुतो, भरून टाकतो. दात उभा राहील. मेलेला, पण उभा."

"बघ दादा," बाकावरून चांगुणा हसली, "मेलेला पण उभा. सकाळी पाळीवरून येतोस तेव्हा तू दिसतोस तसा."

डॉक्टरही हसले. मग त्यांचं यंत्र गुणगुणायला लागलं, जळक्या हाडाचा वास आला, आणि दाढेला भोक पडताच आतून इतकी घाण सुटली की चांगुणानं पदर नाकाला लावला. पण ठणका थांबला. किती दिवसांनी थांबला. मला तर खुर्चीतच डुलकी लागली.

"आज उघडा ठेवतो," डॉक्टर म्हणाले. "घाण निचरू दे. वरून कापसाचा बोळा आहे. पडला तर घरी दुसरा लाव. उघड्या दातात काही जाऊ देऊ नको, समझे? पुढे दोन-तीन वेळा यावं लागेल."

परतताना एसटीत नवसी आईच्या मांडीवर झोपली. चांगुणाची तिला निजवायची एक तऱ्हा होती. शब्द नाहीत, नुसतं नाकातून गुणगुणणं, आणि प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी जीभ टाळूला लावून 'ट्चक' असा आवाज. गुरं हाकताना काढतात ना, तसा. नवसी त्या आवाजाची वाट बघायची आणि तो आला की डोळे मिटायची. खिडकीतून ऊन चांगुणाच्या तोंडावर पडलं होतं. तिचे डोळे पिवळे दिसत होते. मला वाटलं, उन्हानं.

ती कावीळ होती. वाढत गेली ती गेलीच. दवाखाना केला, पथ्य केलं, उतरवणाऱ्याकडेही नेली. आजार पोरीला लागू नये म्हणून रखमानं नवसीला मोतीबाईकडे निजायला ठेवलं होतं. शेवटच्या पहाटे चांगुणा शुद्धीत नव्हती, पण हात चाचपडत होता आणि ती एकच बोलत होती, "नवसीला हितं आणा. माझ्यापाशी आणा." मी मोतीबाईच्या दाराकडे पळालो. झोपेतल्या पोरीला उचलून आणेपर्यंत हात थांबला होता. माझी बहीण लेकीला शेवटचं न बघता गेली, हे मी कधी विसरलो नाही. आता वाटतं, तीही विसरली नाही.

उल्हास नदीच्या काठी तिला नेली. अग्नी मीच दिला.

आमच्याकडे मयताहून परतलं की दारातच कडूनिंबाचा पाला हातावर देतात. तो चावायचा, थुंकायचा, चूळ भरायची, पायांवर पाणी घ्यायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. तिकडचं जे काही तोंडाशी आलं असेल ते बाहेरच राहावं म्हणून. मोतीबाई पाल्याची डहाळी घेऊन उभी होती. एकेक जण चावून, थुंकून, आत जात होता. माझ्या दाढेतला कापूस कधीच पडला होता. त्या दिवसांत दाताकडे कुणाचं लक्ष? मी पाला चावला. कडू पाणी थेट दाढेच्या भोकात उतरलं आणि जबड्यातून एक थंड कळ गेली. थुंकलो. चूळ भरायला तांब्या उचलला.

तेवढ्यात उंबऱ्याच्या आत नवसी येऊन उभी राहिली. अंगात त्याच नव्या कापडाचा परकर. तिनं दोन्ही हात वर केले.

"मामा, आई?"

मी तांब्या खाली ठेवला, आत पाऊल टाकलं आणि तिला छातीशी धरलं.

"अरं कमळाकरा, चूळ!" मोतीबाई ओरडली. "निंब तोंडात घेऊन आत कुठं जातूस?"

"थुंकलो ना. भरतो मागनं."

"मागनं नाय रं भरायची..."

मागनं भरली की नाही, मला आठवत नाही. पोर गळ्याशी होती. रखमा भिंतीला टेकून रडत होती.

दिवसकार्य आटोपल्यावर दात पुन्हा दुखायला लागला म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टर उशिराबद्दल आधी रागं भरले, मग कारण कळल्यावर त्यांनी खांद्यावर हात ठेवला. त्यांच्याकडे केसासारख्या बारीक सुया होत्या. त्या दाढेच्या मुळात घालून बोटांत फिरवायच्या आणि आतलं सडलेलं बाहेर ओढायचं. पहिलीच सुई बाहेर आली तिच्या टोकाला हिरवा धागा होता.

"ये क्या? पान खातोस?"

"नाही. निंबाचा पाला असेल."

त्यांनी तो कापसाला पुसला. दुसरी सुई घातली. पुन्हा हिरवा धागा. तिसरी, चौथी... धागे येतच राहिले. मी एक पान चावलं होतं. एका पानात एवढे धागे नसतात. खोलीत हिरवा उजेड, पंख्याची घरघर, आणि डॉक्टर न बोलता सुई फिरवतायत, फिरवतायत. मला मधेच वाटलं की ते आतून काही काढत नाहीत, आत कुणाला तरी हळूहळू गुंडाळतायत.

शेवटी सुई पांढरी निघाली. त्यांनी उग्र वासाच्या औषधानं मुळं धुतली, गुलाबी मऊ काड्या आत बसवल्या, स्पिरिटच्या दिव्यावर तापवलेल्या हत्यारानं वरची टोकं जाळून टाकली आणि सिमेंटनं तोंड बुजवलं.

"आता हा मेला," ते समाधानानं म्हणाले. "आता याला थंड नाही, गरम नाही. काहीच कळणार नाही. बिनधास्त चणे खा."

चण्यांची चैन कुठली? घरात नवसी जेवत नव्हती. ती रडली नव्हती, हट्ट केला नव्हता. आई कुठं आहे हेही तिनं त्या दिवसानंतर विचारलं नाही. दारात बसून राहायची. रखमा घास तोंडाशी न्यायची, ती तो गालात धरून ठेवायची आणि संध्याकाळी थुंकून टाकायची. गालाची हाडं वर आली. मोतीबाईनं दृष्ट काढली, मी कॅम्पातून बिस्किटं आणली, फुगे आणले. फुग्याकडे तिनं बघितलंही नाही. आम्हाला भीती वाटत होती ती एकच. ही पण जाणार.

मग एका दुपारी मला जाग आली ती गालावरच्या ओझ्यानं. नवसी माझ्या चटईवर येऊन झोपली होती. कान माझ्या उजव्या गालाला घट्ट लावलेला, तोंड थोडं उघडं, ओठांवर हसू. दारात रखमा उभी होती. पदर तोंडात धरलेला.

"अहो..." ती कुजबुजली. "तुम्ही गात होता."

"मी? माझा गळा तुला माहीत आहे ना? भजनात मला टाळसुद्धा देत नाहीत."

ती हसली नाही. "वन्सं गायच्या तसं. अगदी तसंच. तोंड मिटलेलं होतं तुमचं. आणि शेवटी..."

तिनं जीभ टाळूला लावून तो आवाज करून दाखवला. नवसीनं झोपेतच डोळे अधिक घट्ट मिटले.

माझ्या तोंडात निंबाचा कडवटपणा दाटला होता. इतका की मी ओसरीवर जाऊन चूळ भरली. तो गेला नाही.

त्या संध्याकाळी नवसी जेवली. माझ्या मांडीवर बसून, गालाला कान लावून, वरणभाताचा वाडगा पुसून खाल्ला. मग रोजच तसं चाललं. दुपारी मी निजायचो, ती येऊन गालाला कान लावायची. मला स्वतःला काही ऐकू यायचं नाही, फक्त दाढेत बारीक थरथर जाणवायची, दूरवरून मालगाडी गेल्यावर जमीन थरथरते तशी. पण रखमाला ऐकू यायचं. पहिल्या दिवशी ती घाबरली. पुढं पुढं ती त्या वेळेला निवडायचे तांदूळ घेऊन दाराशी बसायला लागली.

"येऊ देत त्यांना," ती म्हणाली. "पोर खाते ना? अजून काय पाहिजे?"

आणि खरं सांगू, मलाही बरं वाटायचं. दुपार झाली की मी लवकर आडवा व्हायचो. बहीण माझ्या तोंडात येऊन राहिली होती. कुठं परकी जागा होती? लहानपणी आम्ही एका ताटात जेवलोय. जो दात मेला म्हणून डॉक्टर सांगत होता, तोच घरातला सगळ्यात जिवंत भाग झाला होता. कधी कधी झोपेच्या काठावर मला चांगुणाची स्वप्नं पडायची, माझी नव्हेत, तिची. केसांत तेल चोळणारी बोटं, पोटात वळवळणारं मूल, नवऱ्याच्या अंगाचा डिझेलचा वास. जागा झालो की हात आधी छातीकडे जायचा आणि तिथं काही नाही म्हणून मी क्षणभर चकित व्हायचो.

वैशाख संपत आला तेव्हा मी सहज नवसीला विचारलं, "आई काय म्हणते गं?"

"हाक मारते."

"काय म्हणून?"

"ये म्हणते." तिनं माझ्या गालावर बोट टेकवलं. "हितं आत ये म्हणते. अंधार हाय, पण मी हाय म्हणते."

मी रखमाकडे बघितलं. तिच्या हातातलं सूप थांबलं होतं.

त्यानंतर आमच्या डोळ्यांवरचं कातडं दूर झालं. पोर जेवत होती खरी, पण फक्त माझ्या गालापाशी. मी कामावर गेलो की पाण्याचा थेंब घेत नव्हती. खेळत नव्हती, रखमाशी बोलत नव्हती, हाक मारली तर ती आपल्याला नव्हेच असं बघायची. अंगात बारीक ताप राहायला लागला. उचलली की हाताला वजन लागेना. खाल्लेलं सगळं कुठं जात होतं?

आणि मग ती दुपार. मी गाढ झोपेत होतो. स्वप्नात मी एका अरुंद, ओल्या जागेत बसलो होतो, गुडघे छातीशी, आणि वरून उजेडाची फट उघडत होती. कुणीतरी लहान पाय खाली सोडत होतं. मी खालून हात वर केले, ते हात बांगड्यांचे होते. मला इतका आनंद झाला की रडू आलं. तेवढ्यात श्वास कोंडला आणि मी जागा झालो.

नवसी माझ्या छातीवर बसली होती. तिचा हात मनगटापर्यंत माझ्या तोंडात होता.

मी तो ओढून काढला. बोटं दातांनी सोलवटली होती, पण ती रडत नव्हती. ती तापानं फणफणली होती आणि डोळे आनंदानं चमकत होते.

"काय करतेस, नवसे?"

"आत येते," ती म्हणाली. "आईनं दार उघडलंय... तू उगाच उठलास, मामा."

मी तसाच उठलो. सदरा घालायचंही सुचलं नाही, तो रखमानं मागून पळत येऊन दिला. मोतीबाईच्या ओट्यावरून जाताना तिनं नुसतं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "आता तरी नीट कर. काढलास की घरात आणू नको. जिथून आणलंस तिथं न्हेऊन टाक. आणि निंब चावून चूळ भरल्याबिगर उंबऱ्यात पाय टाकू नको."

डॉक्टर भोजवानी ऐकेनात. त्यांनी दाढेवर ठोकून बघितलं, फोटो काढून उजेडात धरला. "फर्स्टक्लास काम झालंय. दुखत नाही, सूज नाही. चांगला दात कोण काढतं? पागल झालास?"

"काढा," मी म्हटलं. "तुमच्या पाया पडतो. घरात लहान पोर आहे."

पोरीचा आणि दाताचा काय संबंध, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून इंजेक्शन भरलं.

जबडा बधिर झाला. त्यांनी पक्कड लावली आणि डावी-उजवी हलवायला सुरुवात केली. दाढ हलत नव्हती. त्यांच्या कपाळावर घाम आला. हिरव्या पडद्यामागं ऊन मावळतीला लागलं होतं. मग मुळाशी काहीतरी करकरलं, आणि कानातून नव्हे, हाडातून मला ऐकू आलं.

"दादा..."

आजवर मला तिचा आवाज आला नव्हता. पोरीला यायचा, रखमाला यायचा. मला तो पहिल्यांदा आला तो असा.

"दादा, उपटू नको. माझी पोर..."

तोंडात पक्कड होती. मला बोलता येत नव्हतं. बोलता आलं असतं तर काय बोललो असतो, कुणास ठाऊक. कदाचित थांबा म्हटलं असतं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि डॉक्टरांना वाटलं दुखतंय. "बस, बस, हो गया," ते म्हणाले, आणि ओढलं.

दाढ पत्र्याच्या ताटलीत पडली. लांब मुळांची, धुतलेली, पांढरी स्वच्छ. डॉक्टरांनी ती उलटून पाहिली. "बघ, टोकापर्यंत भरलेली. माझ्या कामात खोट नाही."

मी ती कागदात बांधली, बदलापूरला उतरून थेट नदीवर गेलो आणि जिथं चांगुणाला अग्नी दिला होता तिथल्या पाण्यात सोडली. घरी परतलो तर मोतीबाई डहाळी घेऊन उभीच होती. डाव्या बाजूनं पाला चावला, थुंकलो, तांब्या रिकामा होईपर्यंत चुळा भरल्या. शेवटी नुसतं रक्त येत होतं. तेव्हा आत गेलो.

नवसी धावत आली. मी खाली बसलो. तिनं सुजलेल्या गालाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग डोकं उचलून माझ्याकडे बघितलं, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा ती पोर रडली. साठलेलं सगळं रडली. रखमानं तिला कुशीत घेतलं. रडता रडता तिला तिथंच झोप लागली आणि उठल्यावर तिनं रखमाकडे भात मागितला. रखमा चुलीपाशी गेली आणि मीठ घालायच्या जागी साखर घातली, तरी पोरीनं तो खाल्ला. दोन दिवसांत ताप उतरला. पोर आम्हाला मिळाली.

आता बघा, नवसी एकोणीस वर्षांची आहे. दहावी झाली, उल्हासनगरात साडीच्या दुकानात काऊंटरला आहे. सिंधी गिऱ्हाइकांशी सिंधीत भाव करते आणि माझ्याशी भांडताना हिंदीत जाते. कात्रपचं स्थळ आलं, मुलगा वीजमंडळात, निर्व्यसनी. येत्या वैशाखात लग्न आहे. त्या दुपारींबद्दल ती कधी बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही. पाच वर्षांचं पोर, काय लक्षात राहणार? एकच गोष्ट. त्या रिकाम्या जागी खोटा दात बसवायचं दोनदा ठरलं होतं. दोन्ही वेळा नवसीनं रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून राहून गेलं. लाडाची पोर, तिला माझं असंच हसू आवडत असेल, असं आम्ही म्हणायचो.

माझे बाकीचे दात गेल्या वर्षापासून हलायला लागले. मागच्या सोमवारी दवाखान्यात गेलो. म्हातारे भोजवानी वारले, आता मुलगा बसतो. नवी खुर्ची, एसी, पडदाही बदललेला. नवसी सुट्टी काढून सोबत आली होती.

"सगळे काढावे लागतील, काका," धाकटे डॉक्टर म्हणाले. "हिरड्या सुटल्यात. हाड आतून खूप कमी झालंय, एवढं कसं झालं कळत नाही. काढू आणि कवळी बसवू. आज दोन काढूया?" आणि ते फोटो बघायला आतल्या खोलीत गेले.

नवसी स्टुलावरून उठली. जवळ आली. वाकली, आणि इतक्या वर्षांनी तिनं माझ्या उजव्या गालाला कान लावला. डोळे मिटले. तिच्या केसांना तेलाचा वास येत होता.

"हे काय गं?" मी म्हटलं. हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "पुढच्या महिन्यात लग्न आहे तुझं. बोळक्या तोंडाचा मामा चालेल का मांडवात?"

"चालेल," ती डोळे न उघडता म्हणाली. "सगळे काढ, मामा. एका दाताच्या जागेत आम्ही दोघी मावत नव्हतो."

मी तोंड मिटलं. हलणारे दात एकमेकांवर दाबून धरले. डॉक्टर इंजेक्शन घेऊन आले, "मोठं उघडा, काका," म्हणाले, आणि मी मान हलवली. त्यांनी नवसीकडे बघितलं, म्हातारी माणसं घाबरतात, तुम्हीच समजवा, अशा अर्थानं.

तिनं माझा हात हातात घेतला. गोड हसली.

"उघड ना, दादा," नवसी म्हणाली.